हनुवटीवरचं गोंदण

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात १९९७ च्या दहावीच्या बॅचतर्फे केलेलं भाषण. वेळेअभावी सुटलेल्या एक-दोन गोष्टी लिहून काढताना घातल्या आहेत.)



महिन्यापूर्वी संयोजकांचा फोन आला. म्हणाले, "तू सॉफ्टवेअरवाली, तेव्हा एआयवर वीस मिनिटं बोल. नोकऱ्या जाणार का राहणार ते सांग." मी हो म्हणून टाकलं. नंतर विचार केला, की नोकऱ्यांचं मला तुमच्यापेक्षा काही जास्त कळत नाही. मी ज्या खात्यात काम करते तिथे फोनच्या कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर लिहितात. म्हणजे तुम्ही बटण दाबल्यापासून फोटो दिसेपर्यंत मध्ये जे काही होतं, ते. त्यामुळे मी आज फोटोवर बोलणार आहे, आणि एका फोटोग्राफरवर. एआय मध्ये येईलच, ते कुठे जातंय!

आधी एक सांगते. बंगळुरात मी कर्जतची आहे म्हटलं की मुंबईचा माणूस हमखास म्हणतो, "हां, बटाटावडा!" मग मला सांगावं लागतं की ते कर्जत वेगळं. आमचं नगर जिल्ह्यातलं, गोदड महाराजांचं. आमच्याकडे रेल्वे बघायची तर दौंड गाठावं लागतं. हे सांगण्याचं कारण इतकंच की आपण लहान असताना बाहेरच्या जगातली सुंदर वस्तू आपल्यापर्यंत यायला एसटीनेच यायची, आणि यायला वेळ लागायचा.

माझा आयुष्यातला पहिला एकटीचा फोटो एसटीमुळेच काढला गेला. आठवीत इथे प्रवेश घेतला तेव्हा पासासाठी फोटो लागला. तुमच्यातले जे गावाहून येऊन-जाऊन करायचे त्यांना आठवत असेल. स्टुडिओत काळा पडदा, लाकडी स्टूल, दोन छत्र्या, भिंतीवर आरसा, आरशाला दोरीने बांधलेला कंगवा आणि खाली पावडरचा डबा. सगळ्या तालुक्याने तो एकच कंगवा फिरवलेला. फोटोग्राफर काका काळ्या कापडातून डोकं काढून म्हणायचे, "हनुवटी जरा खाली. अजून. डोळे इकडे. हलायचं नाही." मग एकदा फक्क. परत नाही. रोल संपेपर्यंत फोटो धुवायला जायचा नाही, म्हणून आठ-दहा दिवस फेऱ्या.

फोटो हातात आला तर त्यात माझ्या गालावरचा कांजिण्यांचा व्रण नव्हता. काकांनी निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने तो बुजवला होता. ती रीतच होती, वेगळे पैसेही घ्यायचे नाहीत. मला इतका आनंद झाला की मी पास उगाचच सगळ्यांना दाखवत सुटले. कंडक्टरने एकदा पासाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, "बहिणीचा आणलास का?" माझ्या शेजारी बसलेली मैत्रीण आज इथे समोर आहे, आणि तीच तेव्हा सगळ्यात मोठ्याने हसली होती.

हे लक्षात ठेवा. पुढे मी जे बोलणार आहे त्यात मला स्वतःला साळसूद ठरवायचं नाही.

माझ्या घरी फोटोचं फार कौतुक नव्हतं. आजी तर कॅमेरा दिसला की पदर पुढे ओढायची. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं तिचं म्हणणं. मला वाटायचं हा आमच्या आजीचा खास अडाणीपणा. नंतर वाचलं की दादासाहेब फाळक्यांनी सिनेमाच्या आधी बडोद्यात फोटोग्राफीचा धंदा करून पाहिला, तेव्हा तिथेही लोक याच समजुतीपायी दूर राहिले. म्हणजे आजी एकटी नव्हती, अख्खं संस्थान तिच्या बाजूने होतं.

आई घाबरायची नाही, पण तिला ते पटायचं नाही. "माझा कशाला फोटू? पोरांचा काढा." आषाढात रथयात्रेला जो बाजार भरायचा त्यात रंगवलेला ताजमहाल आणि पुठ्ठ्याचं विमान लावून एक फोटोवाला बसायचा. भावाचा आणि माझा विमानात बसलेला फोटो आहे. आई त्या फोटोच्या चौकटीच्या बाहेर आमच्या चपला हातात घेऊन उभी होती. फोटोत तिच्या लुगड्याचा काठ तेवढा आलाय.

आता फोटोग्राफरकडे येते.

माझी आत्या पुण्याला होती. दिवाळीत येताना ती रद्दीतून वाचवलेले अंक आणायची. त्यांत 'चंदेरी' असायचा. सिनेमाचं मराठी पाक्षिक. घरात ते उघडपणे वाचण्याजोगं मानलं जात नव्हतं, म्हणून मी ते भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचायचे. (बाई, आता सांगायला हरकत नाही.) त्यातले चेहरे मी तासन् तास बघत बसायचे. आपल्या स्टुडिओतल्या फोटोत चेहऱ्यावर उजेड यायचा तो अंगावर धावून आल्यासारखा. या चेहऱ्यांवर तो पाण्यासारखा पसरलेला असायचा, नाकाच्या एका बाजूने हलकेच उतरून गालावर कुठे संपतो ते कळायचं नाही. आणि फोटोशी एका माणसाचं नाव असायचं, गौतम राजाध्यक्ष. फोटोला काढणाऱ्याचं नाव असतं हे मला तेव्हा नवीन होतं. आपल्याकडे फोटोच्या मागे दुकानाचा रबरी शिक्का असायचा.

राजाध्यक्ष मुंबईचे. जन्म १६ सप्टेंबर १९५०. सेंट झेवियर्समध्ये रसायनशास्त्र शिकले. सायन्सच्या सरांना हे ऐकून बरं वाटेल म्हणून मुद्दाम सांगते. दहावीत आपण घोकलं होतं की सिल्व्हर ब्रोमाइडवर प्रकाश पडला की त्याचं विघटन होतं. त्या एका ओळीवर शंभर-दीडशे वर्षांची फोटोग्राफी उभी होती, आणि पाठ्यपुस्तकात तिला दोन गुण होते. फिल्मवर कण असतात, उजेड पडलेले कण डेव्हलपरमध्ये काळे होतात, उरलेले हायपोने धुऊन टाकायचे. रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला डार्करूमचं भय वाटलं नसणार.

१९७४ मध्ये ते लिंटास या जाहिरात कंपनीत फोटोच्या विभागात लागले आणि पुढे त्या विभागाचे प्रमुख झाले. १९८० च्या सुमारास शबाना आझमी, टीना मुनीम, जॅकी श्रॉफ यांचे फोटो काढले आणि फॅशन फोटोग्राफीत शिरले. तरी नोकरी सोडली १९८७ मध्ये. सात वर्षं दोन्ही दगडांवर पाय. मला हे फार आवडतं. मोठ्या माणसांच्या गोष्टीत ते नेहमी एका सकाळी उठून राजीनामा फेकतात. आपल्यासारख्या घरातून आलेल्यांना सात वर्षांचा हिशेब जास्त कळतो. लेखिका शोभा डे त्यांची चुलत बहीण. लिहायला त्यांना तिनेच लावलं म्हणतात. ते लिहायचेही, 'चंदेरी'चे संपादक होते, आणि काजोलचा पहिला सिनेमा 'बेखुदी', १९९२ चा, त्याचं लेखनही त्यांचं. १९९७ मध्ये, म्हणजे आपण दहावीच्या परीक्षेला बसलो त्याच वर्षी, 'फेसेस' हे त्यांचं मोठं पुस्तक आलं. पंचेचाळीस सिनेकलावंत, दुर्गा खोट्यांपासून ऐश्वर्या रायपर्यंत. नंतर मराठीत 'चेहरे' आलं. १३ सप्टेंबर २०११ ला, एकसष्टावा वाढदिवस तीन दिवसांवर असताना, हृदयविकाराने ते गेले.

आता एक जुनं भांडण काढते. चित्रकलेचे सर इथे बसलेत. इंटरमीजिएटच्या तयारीला आम्ही संध्याकाळी थांबायचो तेव्हा मी सरांना एकदा 'चंदेरी'तलं पान दाखवलं होतं. सर म्हणाले, "चांगलं आहे, पण ही कला नव्हे. फोटो म्हणजे नक्कल. यंत्र काढतं, माणूस फक्त उभा राहतो." मी गप्प बसले, कारण सरांच्या हातात पट्टी होती.

सर, तुमच्या बाजूने बोलणारी थोर माणसं होऊन गेली आहेत. फ्रेंच कवी बोदलेर १८५९ मध्ये हेच म्हणाला होता, तुमच्याहून कडक शब्दांत. त्याच्या मते फोटोग्राफीने कलेची दासी होऊन राहावं, मालकीण होऊ नये. मी तेव्हा जे उत्तर देऊ शकले नाही ते आज देते.

कॅनडात युसुफ कार्श नावाचा फोटोग्राफर होता. ३० डिसेंबर १९४१ ला ओटावात चर्चिलचं भाषण झालं. भाषणानंतर कार्शला अगदी थोडा वेळ मिळाला. चर्चिलच्या तोंडात चिरूट. कार्शने तो काढायची विनंती केली, चर्चिलने ऐकलं नाही. मग कार्श पुढे गेला, चिरूट सरळ तोंडातून काढून घेतला आणि परत येऊन बटण दाबलं. तो जो संतापलेला, कमरेवर हात ठेवलेला चर्चिल आहे, ज्याला जगाने हिटलरपुढे न झुकणारा माणूस म्हणून पाहिलं आणि जो इंग्लंडच्या पाच पौंडाच्या नोटेवरही छापला गेला, तो खरं म्हणजे चिरूट गेला म्हणून चिडलेला म्हातारा आहे! पुढच्याच फोटोत तो हसतोय. तो फोटो फारसा कुणाला ठाऊक नाही.

यंत्राने काय केलं यात? यंत्र दोन्ही वेळा तेच होतं. जे झालं ते बटण दाबायच्या आधी, दोन माणसांमध्ये झालं. कार्शने समोरच्याला डिवचलं. राजाध्यक्ष त्याच्या उलट, समोरच्याला सैल करणारे. त्यांच्या फोटोतली माणसं बघा, लता मंगेशकर असोत की माधुरी दीक्षित, ती कुणाच्या तरी घरी दिवाणखान्यात बसल्यासारखी दिसतात. ज्या माणसापुढे मोठ्यातला मोठा कलावंत सावरून बसणं सोडतो, त्याच्या बोलण्यात काहीतरी असणारच. प्रकाश ठेवणं शिकता येतं. सर, तुम्हीच शिकवलं, खिडकीत माठ ठेवून. पण माठ लाजत नाही, माणूस लाजतो.

राजाध्यक्षांवर एक आक्षेप मी पुष्कळ ठिकाणी ऐकला, आणि कॉलेजात असताना मीही तो हिरिरीने घ्यायचे. ते सगळ्यांना सुंदरच करतात. कुणाच्या चेहऱ्यावर थकवा नाही, राग नाही, दुष्काळ नाही. हा आक्षेप खोटा नाही. त्यांचं काम जाहिरातीच्या आणि सिनेमाच्या दुनियेतलं, तिथे सुंदर दिसण्याचेच पैसे मिळतात. पण तो आक्षेप आता मला पूर्वीइतका जड वाटत नाही. का, ते सांगते. यासाठीच खरं तर मी उभी राहिले आहे.

आई २०१९ मध्ये गेली. घरात फ्रेम लावायला तिचा एकटीचा फोटो नव्हता. मी कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरवर पोट भरणारी मुलगी, आणि माझ्या फोनमध्ये आईचे फोटो होते ते कसे, तर भाकरी थापताना मागून, नातवाला घेतलेली आणि मान वळवलेली, "बास कर गं" म्हणत तळहात पुढे केलेली. शेवटी भावाने चुलत भावाच्या लग्नातला ग्रुप फोटो काढला आणि एका दुकानात दिला. दहाव्याच्या आदल्या दिवशी फ्रेम आली.

तुम्ही सगळ्यांनी अशा फ्रेमा पाहिल्यात. मागे निळं आकाश, अंगावर कधीच नेसली नव्हती अशी जरीची साडी, डोक्यावरून पदर. चेहरा तिचाच होता, पण गोरा. आई सावळी होती. सुरकुत्या नव्हत्या. एवढं मी सहन केलं असतं. हनुवटीवर बघितलं तर तीन ठिपके नव्हते.

आईला लहानपणी जत्रेत गोंदलेलं होतं. हनुवटीवर तीन हिरवे ठिपके. आपल्याकडच्या त्या पिढीतल्या बहुतेक बायकांना होतेच. मी लहान असताना तिच्या मांडीवर पडून त्या ठिपक्यांवर बोट ठेवून एक-दोन-तीन म्हणायचे. आकडे तिथेच शिकले. ती म्हणायची, "डागिनं हितंच राहत्यात. गोंदण तेवढं बरुबर येतं."

मी दुकानात जाऊन भांडले. तो पोरगा बिचारा गोंधळला. म्हणाला, "ताई, मी काहीच नाही केलं. अ‍ॅपमध्ये टाकला, त्यानंच क्लिअर केला." त्याने फोन पुढे केला आणि कसं केलं ते करून दाखवलं. एक पट्टी सरकवायची. त्वचा उजळ, डाग दूर.

ती पट्टी मला ओळखीची होती. तेच अ‍ॅप नव्हे, पण अगदी तशीच सोय आमच्या टीमने बांधली होती. डाग ओळखणारा भाग माझ्याकडे होता. तो बांधायचा कसा, तर हजारो चेहऱ्यांचे फोटो घ्यायचे, माणसं बसवायची, त्यांनी फोटोवर गोल काढून सांगायचं की हा मुरूम, हा डाग. मशीन त्यावरून शिकतं. गोल काढणाऱ्यांना आम्ही सांगितलं होतं की चेहऱ्यावर आजूबाजूच्या त्वचेपेक्षा गडद असा लहान ठिपका दिसला की त्याला डाग म्हणा. तीळ वगळा, असं नंतर कुणीतरी सुचवलं, कारण एका मोठ्या साहेबांच्या बायकोचा तीळ गेला होता. गोंदणाचं नाव कुणाच्याच तोंडी आलं नाही. माझ्याही नाही. माझ्या! जिने त्या ठिपक्यांवर आकडे शिकले.

त्वचेच्या रंगाची गोष्ट आणखी जुनी आहे. पूर्वी कोडॅकच्या रंगीत फिल्मच्या लॅबमध्ये रंग बरोबर आलेत का हे बघायला एक नमुन्याचं कार्ड असायचं. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो. 'शर्ली कार्ड' म्हणायचे त्याला. तिचा चेहरा नीट आला की मशीन बरोबर. त्यामुळे काळे-सावळे चेहरे वर्षानुवर्षं चिखलासारखे येत राहिले. त्याची कटकट माणसांनी केली, पण कंपनी जागी झाली ती म्हणे लाकडी फर्निचर आणि चॉकलेट बनवणाऱ्यांच्या तक्रारीमुळे. जाहिरातीत त्यांच्या मालाच्या तपकिरी छटा नीट दिसत नव्हत्या. आपला दहावीचा ग्रुप फोटो बघा या अंकात. मागच्या रांगेतली मुलं, दिवसभर उन्हात असलेली, नुसते दात आणि डोळे आलेत. आपण आजवर त्याबद्दल त्यांचीच चेष्टा केली. त्यात उन्हाची चूक होती, आणि थोडी त्या कार्डाचीही.

तर मी ऑफिसात जाऊन तक्रार नोंदवली. सॉफ्टवेअरमध्ये चूक सापडली की तिची नोंद करतात, तिला नंबर पडतो. मी लिहिलं, हनुवटीवरची कायमची गोंदणखूण डाग समजून पुसली जाते. वरून प्रश्न आला, अशा बायका किती, आणि त्या सेल्फी काढतात का? कंपनीच्या बाजूने हा प्रश्न रास्त होता. माझ्याकडे आकडा नव्हता. नमुने आणून दाखव, म्हणाले.

म्हणून २०२० च्या जानेवारीत मी सुट्टी घेऊन घरी आले आणि आमच्या गावात, राशीनकडे, मिरजगावला मावशीच्या शेजारपाजारी, अशा बावीस बायकांचे फोटो काढले. परवानगीचा कागद मराठीत करून घेतला होता. मला वाटलं होतं दोन दिवसांचं काम. नऊ दिवस लागले.

एकही बाई पहिल्यांदा हो म्हणाली नाही. "माझा कशाला?" हेच, आईचंच वाक्य. मग चहा. मग कुणाची कोण, हे शोधणं. मग मी मध्येच फोन काढला की चेहरा दगड व्हायचा. परत फोन खाली, परत ज्वारीचं काय, सून कशी आहे, गुडघा दुखतो का. मग कधीतरी ती उठून आत जायची आणि चांगलं लुगडं नेसून यायची. मी फोन लावून ठेवायचे दाराशी, जिथे उन्हाचा परतलेला उजेड यायचा. आणि मला नकळत तोंडातून जायचं, "आजी, हनुवटी जरा खाली." तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळलं, की मी इतकी वर्षं चेहऱ्यांवर काम करतेय पण एका माणसाला बसवून त्याचा फोटो काढायला किती वेळ लागतो याचा मला पत्ताच नव्हता. राजाध्यक्षांबद्दलचा माझा कॉलेजातला आक्षेप तिथे, राशीनच्या एका पडवीत गळून पडला. माणसाला चांगलं दाखवण्यात खोटेपणा असेलच असं नाही. ती बाई लुगडं बदलून आली, तेव्हा तिने स्वतःच ठरवलं होतं ना, कसं दिसायचं ते. ते ठरवायला तिला वेळ आणि आदर देणं, हे फोटोग्राफरचं काम. आमची पट्टी तिला न विचारता ठरवत होती.

पण एक गंमत, गंमत कसली, मला अडवणारी गोष्ट घडली. एक आजी, ऐंशीच्या पुढच्या. फोटो बघितला आणि म्हणाल्या, "पोरी, हे ठिपकं काढता येत्यात का तुझ्या फोनात? नातसून हसते. म्हणते आजी, तोंडाला शाई लागलीय." मी तिला काय सांगणार? गोंदण आपली संस्कृती आहे म्हणून व्याख्यान देऊ? तिच्या तोंडाचं ते. मी पट्टी सरकवली. ठिपके गेले. आजी किती तरी वेळ स्वतःकडे बघत राहिल्या. मला त्या वेळी एसटीचा पास आठवला. दोन्ही कॉप्या पाठवल्या त्यांना, ठिपक्यांची आणि बिनठिपक्यांची. भिंतीवर कुठली लावली, मला माहीत नाही.

त्या बावीस फोटोंनी फार मोठी क्रांती झाली नाही. त्यानंतर वर्षभराने आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एवढा बदल गेला, की डाग पुसण्याची सोय आपोआप चालू राहत नाही, तुम्ही चालू करावी लागते. आणि ठरावीक अंतरावरचे, एका ओळीतले ठिपके ते बहुतेक वेळा सोडून देतं. कपाळावरच्या गोंदणाचा अजून घोळ होतो, कुंकू मध्ये येतं. आणि माणसाच्या मागचं धूसर करण्याची जी सोय आहे ती अजूनही अंबाड्यातला गजरा अर्धा खाऊन टाकते. पोर्ट्रेट मोड म्हणतात त्याला. हे सगळं तुमच्या हातातल्या फोनमध्ये या क्षणी चालू आहे. एकदा बटण दाबलं की तो एक नाही, अनेक फोटो घेतो, त्यांतले चांगले भाग निवडून जोडतो, चेहरा कुठे आहे ते शोधतो, आणि त्याला जे शिकवलंय त्याप्रमाणे चेहरा सुधारतो. संयोजकांनी एआयवर बोलायला सांगितलं होतं ते हेच. स्टुडिओतले काकाही पेन्सिल चालवायचे, पण त्यांना मी कुणाची मुलगी ते ठाऊक होतं, आणि व्रण बुजवल्याबद्दल त्यांना जाब विचारायला मी दुसऱ्या दिवशी दारात उभी राहू शकत होते.

त्या काकांकडे मी आईसाठीही चौकशी केली. एखादा जुना फोटो असेल, एखादी निगेटिव्ह असेल. ते आता नाहीत, दुकानही नाही. मुलगा म्हणाला, चार पोती निगेटिव्ह होत्या, भंगारवाला चांदी निघते म्हणून घेऊन गेला. म्हणजे या तालुक्याचे तीस-चाळीस वर्षांचे चेहरे, लग्नाला दाखवायचे फोटो, पासाचे फोटो, नव्या ट्रॅक्टरपुढचे फोटो, वितळून गेले. तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुन्या निगेटिव्ह असतील तर उन्हात, ओलीत ठेवू नका, कागदाच्या पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकच्या नको. स्कॅन करून देण्याची जबाबदारी माझी. हे मी लेखी देते, अंकात छापा.

आईची फ्रेम घरी अजून तीच आहे, निळ्या आकाशाची. मी ती बदलायला काढली तर वडील म्हणाले, "राहू दे. चांगली दिसती. आयुष्यभर काय साधी जरीची साडी घेतली न्हाई मी तिला." यावर मी काय बोलणार? माझ्या टेबलावर लग्नाच्या ग्रुप फोटोतला मूळ तुकडा आहे. अंधुक आहे, मोठा केला की फाटतो. पण ठिपके मोजता येतात.

वेळ संपत आली, घंटा वाजवू नका, एकच राहिलंय. आज जेवणानंतर मी चित्रकलेच्या वर्गात कॅमेरा लावून बसणार आहे. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आहे. ती खिडकी उत्तरेची आहे, दुपारभर उजेड हलत नाही. सरांनी माठ तिथेच का ठेवायला लावला ते मला फार उशिरा कळलं. ज्यांना फोटो हवा त्यांनी यावं. एकेकाला दहा मिनिटं, घाई करणार नाही, मोबाइल नाही, पट्टी नाही. कुणाला काही पुसायचं असेल तर स्वतः सांगा, पुसून देईन. पासाच्या फोटोवर हसलेल्या मैत्रिणीला सगळ्यात शेवटी घेणार आहे.

आणि सर, पहिले तुम्ही. पट्टी बाहेर ठेवून या.